कानानं वाचायची पुस्तकं

रविवारची उपासना चालू आहे. शास्त्रवाचन बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातलं, म्हणजे दहा आज्ञांचं. वाचक शिकलेला आहे, उच्चारही स्वच्छ आहेत, पण दर वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज जिना उतरल्यासारखा खाली जातो. मागच्या बाकांपर्यंत पोचतं ते एवढंच : ‘खून करू... व्यभिचार करू... चोरी करू...’ ‘नकोस’ तेवढा माईक आणि पंख्याच्या मध्येच कुठेतरी विरतो.

मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला बसतो, आणि वाक्य संपत आलं की दम संपतो. त्यामुळे नेमका नकारच गिळला जातो. १६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या एका बायबलच्या आवृत्तीत व्यभिचाराच्या आज्ञेतला ‘नको’ छापायचा राहून गेला होता. छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला. आपल्याकडे हा अपघात तोंडी होतो, वारंवार होतो आणि दंड कुणालाच होत नाही.

दोष एकट्या वाचकाचा नाही. आपण ख्रिस्ती पुस्तकं डोळ्यांनी वाचायला शिकलो, आणि ती लिहिली गेली होती कानांसाठी. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात गाझाच्या वाटेवर रथात बसून एक कूशी अधिकारी यशयाचं पुस्तक वाचत असतो. फिलिप्प नावाचा ख्रिस्ती प्रचारक धावत जवळ जातो आणि त्याला ते वाचन ‘ऐकू येतं’. माणूस रथात एकटाच आहे, तरी मोठ्यानं वाचतोय, आणि लेखकाला त्यात काही नवल वाटत नाही. नवल वाटलं ते पुढे चौथ्या शतकात ऑगस्टीनला. मिलानचा बिशप अंब्रोज ओठ न हलवता वाचतो, नजर पानावरून सरकते पण आवाज नाही, हे त्यानं आपल्या आत्मकथनात मुद्दाम नोंदवलं आहे. बायबलचं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण, त्याच्या सुरुवातीला जो आशीर्वाद आहे त्यातलं व्याकरणही बघण्यासारखं आहे : वाचून दाखवणारा एकवचनी आणि ऐकणारे अनेकवचनी. पुस्तक एक, आवाज एक, कान पुष्कळ. पहिल्या मंडळ्यांमध्ये ‘वाचन’ म्हणजे हेच होतं.

मराठीपुरतं बोलायचं तर ही गोष्ट आणखीच खरी आहे. आपल्या भाषेतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ हा गाण्यासाठीच रचला गेला.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला उतरले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली सालसेतमधल्या राशोलला, म्हणजे रायतूरला, रोमन लिपीत छापलं गेलं. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. ते पाडून घेऊ द्यावेत म्हणून त्यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांना पत्रही लिहिलं होतं. पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुना करार, ३६ ‘अवस्वरू’ म्हणजे अध्याय. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, ५९ अवस्वरू. एकूण ओव्या १०,९६२. सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्र्याला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? प्रश्न बिनतोड आहे, आणि ग्रंथभर पसरलेलं उत्तर प्रवचनाच्या रूपात नाही, ओवीच्या रूपात आहे. रविवारी आणि सणांच्या दिवशी देवळात ते गायलं जाई.

ओव्यांचा हा आकडा पाहून लोक दबकतात. जरा हिशेब मांडला तर भीती जाते. एक ओवी सावकाश म्हणायला साधारण १५ सेकंद लागतात. ९५ अवस्वरूंत १०,९६२ ओव्या, म्हणजे सरासरी एका अवस्वरूला ११५. तेव्हा एक अवस्वरू अर्ध्या तासाच्या आत होतो. सगळं पुराण सेहेचाळीस तासांत संपतं. दर रविवारी एक अवस्वरू घेतला तर पावणेदोन वर्षांच्या थोडं वर. भिंतीवर दोन कॅलेंडरं बदलतील एवढंच.

मुळातल्या सतराव्या शतकातल्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. मंगळूरहून जोसेफ सलढाणा यांनी १९०७ साली हस्तलिखितांवरून रोमन आवृत्ती काढली, आणि शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये ती देवनागरीत आणली. लंडनला मार्सडेन या इंग्रज अभ्यासकाच्या संग्रहात एक देवनागरी हस्तलिखितही आहे. वाचनासाठी देवनागरीच घ्यावी. रोमन लिपीत ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल हे ओळखत बसावं लागतं आणि ओवीची लय पहिल्याच ओळीत मोडते.

आता एक ओवी जवळून बघू. सगळ्यात प्रसिद्ध तीच घेऊ :

जैसी हरळां माजि रत्नकिळा
कि रत्नां माजि हिरा निळा
तैसी भासां माजि चोखळा
भासा मराठी

अक्षरं मोजली तर ११, ९, ९ आणि ५. पहिल्या तीन चरणांना ‘ळा’चं यमक, चौथा चरण आखूड आणि यमकाबाहेर. ओवी म्हणताना सगळी कसरत या चौथ्या चरणाची. पहिले तीन चरण एकाच सुरावर, पायऱ्या चढल्यासारखे घ्यायचे, आणि चौथ्याला पाऊल जमिनीवर टेकवायचं. नवीन माणूस चौथाही चरण तिन्हींच्या मापाचा करायला जातो, ‘भासाऽऽ मराठीऽऽ’ असं ताणतो. तिथे ओवीचं भावगीत होतं. दुसरी चूक उलट्या बाजूची : पारायणाची घाई. चौथ्या चरणानंतर एक पूर्ण श्वास घेतला नाही तर ऐकणाऱ्याला अर्थ लागायला फटच राहत नाही. राग लावू नये, पेटीसुद्धा नको. ज्ञानेश्वरीचं पारायण ऐकलेल्या माणसाला ही चाल शिकवावी लागत नाही. ज्ञानेश्वरीची ओवी आणि स्टीफन्सची ओवी एकाच घरातल्या.

शब्दही फसवतात. ‘हरळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हरळी, दूर्वा येते. इथे अर्थ खड्यांचा आहे : खड्यांमध्ये जशी रत्नाची झळाळी, तशी भाषांमध्ये मराठी. गवतात हिरा चमकतोय असा अर्थ घेऊन लोक वर्षानुवर्षं ही ओवी म्हणतात आणि काही अडत नाही, पण ‘रत्नांमध्ये निळा हिरा’ ही पुढची पायरी मग निसटते. आधी खडे आणि रत्न, मग रत्न आणि हिरा, अशी ती चढण आहे. स्टीफन्सनी प्रस्तावनेत सांगूनच ठेवलंय की शुद्ध मराठी सर्वसाधारण लोकांना पेलत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द आपण वगळले आणि इथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. आपल्याला आज जे कठीण वाटतं ते त्या काळात मुद्दाम सोपं केलेलं होतं.

पहिल्या ओवीचीही गंमत आहे. ‘वो नमो विस्वभरिता’ अशी सुरुवात होते. कान लगेच ज्ञानेश्वरीच्या नमनाकडे वळतो. पण पुढे येतं ‘देवा बापा सर्व समर्था’, आणि ओवी संपते ‘स्वर्गपृथ्वीच्या रचणारा’ या शब्दांवर. म्हणजे प्रेषितांच्या विश्वासांगीकाराचं (उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या घोषणेचं) पहिलं वाक्य, सर्वसमर्थ पिता, आकाश आणि पृथ्वीचा निर्माणकर्ता, जसंच्या तसं ओवीत उतरलंय. डोळ्यांनी वाचताना हे सहज सुटून जातं. देवळात दर रविवारी विश्वासांगीकार म्हणणाऱ्याच्या कानाला ते लगेच कळतं. याच ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलेलं आहे आणि पवित्र आत्म्याला ‘स्पिरिता सांता’. आजच्या ख्रिस्ती वाचकाला पहिला शब्द खटकतो, दुसरा परका वाटतो. माझं मत विचाराल तर दोन्ही तसेच म्हणावेत, सुधारून घेऊ नयेत. आपण रोज म्हणतो तो ‘पाद्री’, तो ‘क्रूस’, ती ‘मिस्सा’ हे सगळे पोर्तुगीज आणि लॅटिनमधूनच आले, आणि आता ते परके आहेत असं कुणी म्हणत नाही.

घरी चार-सहा जणांत पुराण वाचायचं असेल तर पहिल्या अवस्वरूपासून सुरुवात करू नये. जगाच्या उत्पत्तीत बहुतेक मंडळी गळतात. दुसऱ्या पुराणातला जन्मप्रसंग आगमनकाळात (नाताळच्या आधी), किंवा दुःखसहनाचा भाग उपवासकाळात (ईस्टरच्या आधी) घ्यावा. कथा माहीत असली की भाषेशी झटता येतं. एकानं पाच ओव्या म्हणायच्या, दुसऱ्यानं त्यांचा अर्थ साध्या मराठीत सांगायचा, मग पुढच्या पाच. म्हणणारा आणि सांगणारा एकच असेल तर सांगणं वाढत जातं आणि ओव्या कमी होतात. याला अपवाद पाहण्यात नाही.

बायबलच्या भाषांतरांचा प्रश्न वेगळा आहे. मराठी घरात बहुधा बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ असतं, आणि त्याची भाषा कानाला चांगली आहे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे वाक्य दोनदा ऐकलं की पाठ होतं. (इथेही ‘नाही’ शेवटी. ते गिळलं तर स्तोत्राचा शाप होतो.) प्रभूच्या प्रार्थनेतली ‘रोजची भाकर’ तर अशी बसली आहे की मूळ ग्रीकमध्ये तव्यावरची भाकरी नसून भट्टीतला पाव होता हे कुणाला आठवतही नाही. आणि एक लकब फक्त मराठीतच दिसते. नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं आपल्याकडे रोमकर, करिंथकर, गलतीकर, इफिसकर, फिलिप्पैकर आणि थेस्सलनीकाकर यांना गेलेली आहेत. चिपळूणकर, नगरकर, सोलापूरकर यांच्या ओळीत ही मंडळी सहज बसतात. पत्त्यावर नाव वाचावं आणि आळीतलंच कुणी असावं असं वाटावं. भाषांतरकारांनी हे जाणूनबुजून केलं की व्याकरणानं आपोआप झालं, काहीही असो. पत्र दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या माणसांना आलेलं आहे, हे अंतर या दोन अक्षरांनी निम्मं केलं.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर मात्र वेगळ्या कामाचं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ शब्दाला शब्द लावत त्यांनी ते केलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापलं गेलं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ते वाचनपीठावर नेऊ नये. मूळ भाषेचा शब्दक्रम जपण्यासाठी मराठी वाक्याला तिथे बराच त्रास दिलेला आहे, आणि ऐकणारा ठेचकाळतो. पण टेबलावर, दुसऱ्या प्रतीशेजारी उघडं ठेवलं तर त्याच्याइतकं उपयोगी पुस्तक नाही. दोन भाषांतरं जिथे फार लांब जातात तिथे मूळात काहीतरी अवघड आहे, एवढं ते बोट दाखवून सांगतं. घरच्या वाचनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. त्यातल्या प्रस्तावना आणि टिपा आधी वाचून, मग मजकूर मोठ्यानं वाचावा. वसईची कॅथलिक मंडळी आणि नगरकडची प्रोटेस्टंट मंडळी एकत्र वाचायला बसणार असतील तर सुरुवातीलाच प्रती जुळवून घ्याव्यात : कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटमध्ये ६६. जुन्या कॅथलिक पुस्तकांत बहुतेक स्तोत्रांचा क्रमांकही एकानं मागे असतो. तेविसावं स्तोत्र काढा म्हटलं की अर्धे बाविसाव्यावर आणि अर्धे तेविसाव्यावर, आणि पहिली पाच मिनिटं त्यातच जातात.

वाचनपीठावरच्या वाचनाचं म्हणाल तर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वचनांचे आकडे. नव्या करारात हे आकडे आले १५५१ मध्ये, एका छापणाऱ्याच्या सोयीसाठी. पौलानं ते घातले नव्हते. तरी वाचक प्रत्येक आकड्यापाशी थांबतो, जणू पूर्णविरामच. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. मराठीत त्याचे तुकडे केले आहेत, अर्धविराम भरपूर पेरले आहेत, पण श्वास तोच आहे. आदल्या दिवशी पेन्सिल घेऊन बसावं. जिथे अर्थ पुरा होतो तिथे दोन उभ्या रेघा, जिथे नुसता श्वास घ्यायचा तिथे एक. आकड्यांकडे बघायचंही नाही. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यानं लांब वाक्यात आवाज क्रियापदापर्यंत वरच धरून ठेवावा लागतो. मध्येच खाली सोडला तर ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य संपलं, आणि मग ‘केले’ किंवा ‘नेमले’ अनाथासारखं मागून येतं. क्रियापदाच्या शब्दाखाली एक रेघ मारून ठेवली की हे आपोआप सुधारतं.

वेग मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर जाऊ नये. मराठी शब्द लांब असतात, ‘थेस्सलनीकाकरांस’ हा एकच शब्द तीन शब्दांची जागा खातो. नावं तोंडानं आधी वीस वेळा म्हणून घ्यावीत : हबक्कूक, मल्कीसदेक, नबुखद्नेस्सर. अडखळला तर मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही, पुढे जायचं. दुरुस्तीकडे लक्ष गेलं की सगळ्यांना फक्त तेच आठवतं. माईकपासून वीतभर अंतर. आणि नाटक नको. यशया वाचताना गर्जना करणारे वाचक असतात. त्यांचा यशया लक्षात राहत नाही, गर्जना राहते.

सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मठासाठी जे नियम लिहिले त्यात जेवणाच्या वेळी वाचन करणाऱ्याबद्दल एक आख्खं प्रकरण आहे. हाताला लागलं ते पुस्तक उचलून कुणीही वाचू नये. आठवडाभराचा वाचक आधीच ठरलेला असावा. आणि वाचायला उभं राहण्यापूर्वी त्याला थोडा पाणी घातलेला द्राक्षारस द्यावा, म्हणजे उपाशीपोटी त्रास होणार नाही. दीड हजार वर्षांनंतर आपण काय करतो, तर पहिलं गीत सुरू असताना दाराशी उभ्या असलेल्याला ‘आज तुम्ही वाचा हो’ म्हणून पुस्तक हातात देतो. द्राक्षारस राहू द्या, निदान शनिवारी एक फोन तरी करता येतो.

घरातल्या वाचनमंडळाचं दुखणं वेगळं. तिथे वाचन पाच मिनिटांचं आणि मतं पन्नास मिनिटांची. ‘मला यातून काय वाटतं’ हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला की वाचलेलं बाजूला पडतं आणि प्रत्येक जण आपापलं घरून आणलेलं मांडू लागतो. पाळक किंवा फादर हजर असतील तर सगळ्या माना तिकडे वळतात आणि वाचनाचा तास प्रश्नोत्तरांचा होतो. यावर जुना उपाय आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन संन्याशानं वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. मंडळात पहिली पायरी तीनदा चढावी. एकदा पुस्तकं मिटून, नुसतं ऐकत. दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात, शक्यतो पहिला पुरुषाचा असेल तर दुसरा बाईचा. तिसऱ्यांदा पुस्तक उघडून. मग दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. ही दोन मिनिटं फार लांब वाटतात. कुणीतरी खोकतं, कुणी फोन बघतं. तरी धरून ठेवावीत. उतारा दहा-बारा वचनांपेक्षा मोठा नको. अपवाद आहेत : फिलेमोनाला लिहिलेलं पत्र २५ वचनांचं आहे, चार मिनिटांत होतं, ते तोडू नये, आणि वर्षातून एकदा मार्कचं सगळं शुभवर्तमान, सोळाही अध्याय, एका बैठकीत वाचून बघावं. दोन तास लागतात. ‘लगेच’, ‘तत्काळ’ हा शब्द त्यात किती वेळा येतो ते तेव्हाच कळतं. माणूस सतत चालतोय आणि वाचणाऱ्यालाही धाप लागते.

मंडळ नवीन असेल आणि बायबलची भीड वाटत असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी सुरुवात करावी. १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत आलेलं हे पुस्तक ख्रिस्ती नसलेल्या घरांतही वाचलं जातं, आणि मोठ्यानं वाचायला त्याच्यासारखं गद्य मराठीत दुसरं नाही. वाक्यं बोलल्यासारखी आखूड. विनोद वाक्याच्या शेवटी. वाचणाऱ्यानं काही करायचं नसतं, फक्त आधी स्वतः हसायचं नाही. चर्चजीवनाबद्दलही त्यात जे आहे ते प्रवचनांत मिळत नाही : नवऱ्याचा, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा, १८९५ मध्ये झालेला बाप्तिस्मा, पत्नीनं त्यानंतर पाच वर्षांनी घेतलेला स्वतःचा निर्णय, आणि मधल्या काळातली ताटातूट. विश्वास हा घरात, भांड्यांच्या आवाजात ठरतो हे त्या पानांवर दिसतं. रेव्हरंड टिळकांनी शेवटच्या वर्षांत मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मंडळात या भागावर चर्चा हमखास तापते. तापू द्यावी. त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य साडेदहा अध्यायांवर थांबलं आणि लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ लिहिले. पण ते सलग वाचायला घेऊ नये, थकायला होतं. निवडक घ्यावं.

स्तोत्रांना वाचन म्हणूच नये. बहुतेक वचनांचे दोन भाग असतात आणि दुसरा भाग बहुधा पहिल्यालाच दुसऱ्या शब्दांत म्हणतो. मधे पुरता श्वास घेतला तरच हा झोका लागतो. १३६ वं स्तोत्र २६ वचनांचं आहे आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी ‘कारण त्याची दया सनातन आहे’. हे एकट्यानं वाचणं म्हणजे एकट्यानं फुगडी घालणं. पुढच्यानं वचन म्हणावं, सगळ्यांनी टेक धरावी. भजनाला बसलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. गीतांचं एकच सांगतो. पुस्तकात गीताच्या डोक्यावर चाल किंवा राग छापलेला असेल तर तो बघूनच सूर द्यावा. पाश्चात्त्य चालीचं गीत पेटीवाल्यानं स्वतःच्या गळ्याला सोयीच्या उंच पट्टीत धरलं की दुसऱ्या कडव्याला पुरुष गप्प होतात आणि तिसऱ्याला फक्त पेटी उरते.

वंशावळ्यांचं काय करायचं, हे लोक हमखास विचारतात. नाताळच्या आधी मत्तयचा पहिला अध्याय वाचायचा असतो आणि वाचक माफी मागितल्यासारखा, भराभर उरकतो. ‘अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला’. उरकू नये. त्यात चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे आहेत. टप्प्याच्या शेवटी थांबावं. आणि ती एकसुरी चाल पाच ठिकाणी मोडते, कारण मध्येच बाईचं नाव येतं : तामार, राहाब, रूथ, मग नावही न घेता ‘उरीयाची बायको’, आणि शेवटी मरिया. पहिल्या चारही जणींच्या मागे परकेपणाची नाहीतर बभ्र्याची काहीतरी गोष्ट आहे. चाळीस-बेचाळीस नावं एका सुरात म्हटली तरच हे पाच खडे कानाला लागतात. म्हणजे सूर कंटाळवाणा ठेवणं हेच इथलं कौशल्य.

आणि शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. योहानाचे अठरावा आणि एकोणिसावा अध्याय, एकूण ८२ वचनं, मराठीत वीस-पंचवीस मिनिटं. कॅथलिक देवळांत हे तीन आवाजांत वाटून वाचतात : निवेदक, येशू, आणि बाकी सगळे. प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही तसं करायला हरकत नाही. सगळ्यात मृदू, पाळकी आवाज निवेदकाला देण्याची चूक होते. निवेदक कोरडा हवा. ‘वधस्तंभावर खिळा’ हे गायनमंडळाकडून म्हणवून घेऊ नये, सगळ्या मंडळीनं म्हणावं, आणि त्यासाठी ती ओळ कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात द्यावी. नाहीतर दोन-चार जण पुटपुटतात आणि रोमी सुभेदार पिलात उगाचच घाबरतो असं वाटतं. ‘सत्य काय आहे?’ असं विचारून पिलात उत्तराची वाट न बघता बाहेर जातो, तेव्हा इथे थांबायचं नाही, निवेदकानं लगेच उचलायचं.

बागेत शिपाई येतात तेव्हा येशू म्हणतो, ‘तो मी आहे’. थोड्याच वचनांनी अंगणात शेकोटीपाशी पेत्राला विचारतात, तूही त्याच्या शिष्यांपैकी ना? तो म्हणतो, ‘मी नाही’. दोन उत्तरांत फरक एका शब्दाचा, आणि तो शब्द पुन्हा वाक्याच्या टोकाला. पेत्राचा आवाज वाचणारा दमला असेल, आवाज खाली सोडत असेल, तर नेमकं इथेच ते गळतं. दोन्ही वाक्यांखाली एकाच पेन्सिलनं रेघ मारून ठेवावी.

एकोणिसाव्या अध्यायाच्या तिसाव्या वचनाला ‘पूर्ण झाले आहे’, मग मान लवून प्राण सोडणं. इथे सगळे गुडघे टेकतात आणि शांत राहतात. किती वेळ? सगळ्यांचे गुडघे टेकून बाकांचा आवाज थांबल्यावर मनात प्रभूची प्रार्थना सावकाश एकदा म्हणावी, तेवढा. वाचकांपैकी कुणीतरी आधीच ठरवून उठायचं, म्हणजे बाकीचे एकमेकांकडे बघत राहत नाहीत. त्यानंतरचं वचन तयारीच्या दिवसाचं आहे. उद्या मोठा शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस), शरीरं वधस्तंभावर राहता कामा नयेत, पाय मोडून ती खाली उतरवावीत, अशी विनंती. ते रडवेल्या आवाजात वाचायचं नाही. उद्याच्या सणाची आवराआवर करणारी माणसं ज्या आवाजात बोलतात त्याच आवाजात.